व्यसन सोडणाऱ्याला बक्षीस द्यावे काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी छत्रपती संभाजीनगर व पैठण परिसरात छापे घालून अडीचशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन हस्तगत केले, तेव्हा आपल्या शहराचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. संत एकनाथांच्या पैठणला, औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या पत्र्याआड, असा उद्योग चालावा याचे अनेकांना आश्चर्य वाटले. परंतु शहरातील वस्त्यांत राहणाऱ्यांना आश्चर्य वाटण्याचे फारसे कारण नव्हते. कोकेन हा श्रीमंतांचा आणि परदेशी बाजाराचा माल. आपल्या गल्लीतला माल निराळा. त्याला येथे 'बटन' म्हणतात. नायट्राझेपाम नावाचे हे झोपेचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावे असा नियम असताना ते चोरट्या वाटेने पानटपरीपर्यंत पोहोचते आणि शाळा सोडलेल्या मुलाच्या खिशात सापडते. मालेगावात अशाच जातीच्या दुसऱ्या एका गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात. नावे बदलतात, घरातले दृश्य एकच असते.

छाप्यांचे आकडे कोटींत सांगितले जातात, उपचारांचे आकडे मात्र कोणी सांगत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, तर झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा गैरवापर करणाऱ्यांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण २० जणांत एक असे आहे. अर्थात मोठा प्रश्न रुग्णाला उपचाराच्या दारापर्यंत आणण्याचा आणि दारातून आत आलेल्याला तेथे टिकवून धरण्याचा आहे. ज्या घरातला मुलगा दोन वेळा केंद्रातून पळून आला आहे, त्या घरातील मातेला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या टिकवून धरण्याच्या प्रश्नावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात एक उत्तर पुढे आले आहे आणि ते ऐकताक्षणी आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठी पडेल. ते उत्तर असे की, जो व्यसनापासून दूर राहील त्याला बक्षीस द्यावे. इंग्रजीत या पद्धतीला 'कंटिन्जन्सी मॅनेजमेंट' असे जड नाव आहे. आम्ही तिला येथे 'अटीचे बक्षीस' म्हणू. रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा केंद्रात येतो, लघवीची तपासणी होते, तपासणीत अमली पदार्थ आढळला नाही तर त्याला तेथल्या तेथे काही किमतीचे कूपन मिळते. पुढच्या वेळी पुन्हा तपासणी स्वच्छ आली तर कूपनाची किंमत वाढते. एकदा जरी घसरला तरी त्याला शिक्षा होत नाही, कोणी ओरडत नाही. फक्त कूपन मिळत नाही आणि पुढची किंमत पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

अमेरिकेतील व्हरमॉन्ट विद्यापीठाचे स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी कोकेनच्या रुग्णांवर ही पद्धत पद्धतशीरपणे वापरून पाहिली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ४० रुग्ण होते. सर्वांना समुपदेशन सारखेच मिळाले. निम्म्यांना त्याबरोबर कूपने मिळाली. २४ आठवड्यांचा उपचार कूपनवाल्यांपैकी ७५ टक्क्यांनी पूर्ण केला, इतरांपैकी ४० टक्क्यांनी. सलग कोकेनमुक्त राहण्याचा काळ एका गटात सरासरी पावणेबारा आठवडे भरला, दुसऱ्यात सहा. रोख रक्कम हाती दिली जात नव्हती. कूपनाच्या बदल्यात घरासाठी, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी उपयोगी वस्तू केंद्राचे कर्मचारी आणून देत असत.

एवढा खर्च सर्व केंद्रांना झेपणारा नव्हता. म्हणून कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांनी काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या घातल्या. तपासणी स्वच्छ आली की रुग्णाने चिठ्ठी उचलायची. पुष्कळशा चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, काहींवर एखादी किरकोळ वस्तू, थोड्यांवर जरा मोठी आणि सगळ्या भांड्यात एखादीच खरोखर मोठ्या बक्षिसाची. मद्यासाठी उपचार घेणाऱ्या ४२ माजी सैनिकांवरचा त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठी उचलणाऱ्यांपैकी ८४ टक्के रुग्ण आठ आठवड्यांच्या अखेरीपर्यंत टिकले, इतरांपैकी २२ टक्के. (चिठ्ठ्यांचा हा प्रकार जुगाराला उत्तेजन देतो काय, अशी शंका पेट्री यांनाही आली होती. त्या जुगाराच्या व्यसनाच्याही अभ्यासक होत्या. त्यांनी तपासून पाहिले, तसे आढळले नाही. आपल्या चर्चच्या जत्रेतील हाऊजी आणि सोडतीची पुस्तके ज्यांनी विकली आहेत, त्यांनी या मुद्द्यावर फार कडक होऊ नये असे आम्हांस वाटते.)

पुढे २००७ साली ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने या पद्धतीची शिफारस केली, २०११ पासून अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने ती आपल्या केंद्रांत आणली आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून ती सुरू केली; तेथे आरंभी एका रुग्णाला वर्षाकाठी जास्तीत जास्त ५९९ डॉलरची मर्यादा ठेवण्यात आली. या सर्वांमागे एक साधे वैद्यकीय कारण आहे. अफू-हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध आहे. कोकेन आणि मेथ यांसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर अद्याप असे सर्वमान्य औषध सापडलेले नाही. त्या ठिकाणी अटीच्या बक्षिसाइतका ठोस पुरावा दुसऱ्या कोणत्याही उपायाच्या पाठीशी नाही. 'एमडी' या नावाने आपल्या शहरांत विकले जाणारे मेफेड्रोन, ज्याचा समावेश २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली करण्यात आला, हेही याच उत्तेजकांच्या कुळातले आहे.

हे सारे अमेरिकेचे, आपले काय, असे कोणी विचारील. आपल्या देशातली दोन उदाहरणे आम्हांस फार बोलकी वाटतात.

पहिले उदयपूरचे. त्याचा व्यसनाशी संबंध नाही, पण बक्षिसाच्या प्रश्नाशी आहे. 'सेवा मंदिर' या संस्थेच्या साहाय्याने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांत बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. जेथे काहीच विशेष केले नाही तेथे सर्व लशी पूर्ण झालेली बालके ६ टक्के होती. जेथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरले तेथे १८ टक्के झाली. जेथे शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तेथे ३९ टक्के. आई आपल्या बाळावर डाळीपेक्षा कमी प्रेम करीत होती, असा याचा अर्थ कोणी शहाणा माणूस काढणार नाही. बाळाला ताप येईल, आजची मजुरी बुडेल ही भीती आजची होती; लशीचा लाभ पुढे कधीतरी. डाळीने आजच्या पारड्यात थोडे वजन टाकले. आणि गंमत अशी की, डाळ देऊनही प्रत्येक बालकामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, कारण परिचारिका रिकामी बसून राहिली नाही.

दुसरे उदाहरण चेन्नईचे. अर्थतज्ज्ञ फ्रँक शिलबाख यांनी तेथील २२९ सायकलरिक्षा चालकांना तीन आठवडे दररोज सायंकाळी आपल्या कार्यालयात बोलावले आणि श्वासाची तपासणी केली. एका गटाला येण्याबद्दल सरसकट ९० रुपये मिळत. दुसऱ्या गटाला दारू पिऊन आल्यास ६० आणि शुद्धीत आल्यास १२० रुपये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या गटातील माणसांचे दिवसाचे पिणे स्पष्टपणे कमी झाले आणि त्यांनी बाजूला टाकलेली बचत सुमारे निम्म्याने वाढली. मात्र दिवसभरातले एकूण पिणे जवळपास तेवढेच राहिले. ते फक्त रात्रीवर ढकलले गेले. प्रामाणिकपणे सांगायचे तर बक्षिसाने जे मागितले तेच विकत घेतले, त्याहून अधिक नाही. परंतु त्या अभ्यासातील एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. निदान एक तृतीयांश चालकांनी, निवड करण्याची मुभा मिळाली असता, विनाअट पैशांऐवजी शुद्धीची अट घातलेले पैसेच मागून घेतले. आपण संध्याकाळी कसे वागू याची त्यांना कल्पना होती आणि कोणीतरी आपला हात धरावा असे त्यांना वाटत होते. व्यसनी माणसाला सुधारायचेच नसते, हे आपल्या चावडीवरचे आवडते वाक्य या एका निष्कर्षापुढे फार काळ उभे राहत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप लाचेचा. जे करणे माणसाचे कर्तव्यच आहे त्यासाठी त्याला पैसे देणे म्हणजे नीतीचा बाजार मांडणे, असे म्हटले जाते. त्यावर आमचे म्हणणे असे की, आपण आजही व्यसनी माणसाला अट घालूनच वागवतो, फक्त ती अट शिक्षेची असते. घरातून काढणे, खोलीला बाहेरून कडी लावणे, नातेवाइकांपुढे पाणउतारा करणे आणि कित्येक बेकायदा केंद्रांतून चालणारी मारहाण व साखळदंड, हे सारे त्याच हिशेबातले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक विकारांना आजाराच्या व्याख्येत घेतले आणि रुग्णाला क्रूर व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण दिले. तरीही 'दोन ठेवून दिल्याशिवाय सुधारणार नाही' हे वाक्य ऐकताना आपण दचकत नाही. 'शंभर रुपयांचे कूपन द्या' हे ऐकताना मात्र आपली नीती जागी होते. या विसंगतीचा विचार व्हावयास हवा.

कॅथलिक वाचकांना तर हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने पश्चात्तापाविषयी शिकवण देताना पूर्ण आणि अपूर्ण असा भेद केला. परमेश्वरावरील निखळ प्रीतीतून उपजणारा तो पूर्ण. शिक्षेच्या भयातून किंवा पापाच्या किळसेतून उपजणारा तो अपूर्ण. परंतु अपूर्ण पश्चात्तापाला ख्रिस्तसभेने ढोंग म्हटले नाही. तीही देवाची देणगीच मानली आणि असा माणूस प्रायश्चित्त संस्कारासाठी आला तर त्याच्यापुढे दार बंद केले नाही. हेतू शंभर टक्के शुद्ध झाल्यावरच ये, असे तिने सांगितले असते तर शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत किती माणसे उरली असती, याचा ज्याने त्याने अंदाज करावा. कूपनासाठी तपासणीला येणारा तरुण अपूर्ण हेतूने येतो हे खरे. पण तो येतो. आणि जो येतो त्याच्याशीच समुपदेशक बोलू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे आणि तो घरातूनच येतो. जो कधी प्यायलाच नाही, जो वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून घर चालवतो, त्या भावाला कोणते बक्षीस? ज्या पत्नीने धुणीभांडी करून मुलांची फी भरली तिला कोणते कूपन? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरल्या भावाची हीच तक्रार होती आणि आम्हांस ती कधीही क्षुद्र वाटलेली नाही. या आक्षेपाला तर्काचे उत्तर आहे, की हे बक्षीस म्हणजे सन्मान नव्हे. मोडलेल्या पायाला लावलेले प्लॅस्टर ज्याचा पाय धड आहे त्याला लावत नाहीत. पण तर्काने त्या पत्नीचे समाधान होणार नाही. म्हणून बक्षीस कोणत्या रूपात द्यावे हे ठरवताना तिला विचारात घेणे आम्हांस आवश्यक वाटते. किराणा, मुलाच्या वह्या, बसचा पास, गॅसची टाकी अशा रूपात ते दिले तर बक्षीस नवऱ्याच्या नावे जमा होते आणि घरी पोहोचते. शिवाय बापाच्या स्वच्छ तपासणीमुळे घरात तेल-साखर आली, हे मुलांच्या डोळ्यांनी पाहण्याला एक मोल आहे.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि येथे आम्ही पद्धतीच्या समर्थकांच्या पूर्णपणे बाजूने उभे राहू शकत नाही. बक्षीस थांबले की परिणाम ओसरू लागतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काही रुग्णांत तो वर्षभरापर्यंत टिकल्याचेही आढळले आहे. महाराष्ट्राला बक्षिसांचा अनुभव नवा नाही. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आपल्या मराठवाड्यातील खेडीही स्पर्धेने झाडली गेली. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. ज्या गावांत बक्षिसाच्या निमित्ताने माणसे एकत्र बसायला शिकली ती गावे पुढेही स्वच्छ राहिली. जेथे समितीने केवळ तपासणीच्या दिवसापुरते गाव सजवले तेथे वेशीवरचा फलक तेवढा उरला आणि शौचालयात गोवऱ्या रचल्या गेल्या. बक्षिसाचे काम माणसाला तीन महिने नशेबाहेर उभे करणे एवढेच आहे. त्या तीन महिन्यांत नोकरी, मित्र, रविवारची मिस्सा, संध्याकाळी जायला एखादी जागा यांपैकी काही हाती लागले नाही तर चौथ्या महिन्यात तो पुन्हा टपरीवर दिसेल.

ही जागा कशी असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबई महाधर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले, बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेला योग त्यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात आणला आणि २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले. मुक्तांगणमध्ये व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांतून इतके दिवस, इतके महिने झाल्याचे बिल्ले दिले जातात. टाळ्या, बिल्ला, सर्वांदेखत घेतलेले नाव, हेही बक्षीसच. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ दारू सोडवते तेव्हा तिच्यामागे गावाने दिलेला मान असतो, हे पैठणच्या वाटेवर राहणाऱ्यांना ठाऊक आहे. हिगिन्स आणि पेट्री यांनी त्यात जे घातले ते एवढेच: बक्षीस वर्षाने न देता त्याच दिवशी द्या, तपासणीवर द्या आणि पायरीपायरीने वाढवा. पहिल्या आठवड्यात गळणाऱ्याला वर्षाच्या वाढदिवसाचा उपयोग नाही.

मात्र आपल्या शहरापुरती एक गंभीर सूचना येथे करणे भाग आहे. 'बटन'च्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याने, तसेच रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने, त्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. अशा रुग्णाला 'उद्यापासून एकही नाही, मग बक्षीस' असे सांगणे धोक्याचे आहे. डॉक्टर गोळीची मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतात आणि त्या काळात लघवीच्या तपासणीत औषधाचा अंश दिसतच राहतो. म्हणजे तपासणीवर आधारलेले बक्षीस येथे कामाचे नाही. येथे बक्षीस हजेरीला द्यावे: ठरल्या दिवशी आला, डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा केंद्रात समक्ष घेतली, समुपदेशकाजवळ बसला. मेफेड्रोनच्या रुग्णासाठी तपासणीचे बक्षीस, बटनाच्या रुग्णासाठी हजेरीचे. धर्मग्रामातील उत्साही मंडळींनी डॉक्टरांवाचून हा प्रयोग हाती घेऊ नये.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून आम्ही एक साधे गणित मांडून पाहिले. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, म्हणजे २४ भेटी. पहिल्या भेटीला २० रुपयांचे कूपन आणि प्रत्येक यशस्वी भेटीमागे ५ रुपयांची वाढ. शेवटच्या भेटीचे कूपन १३५ रुपयांचे होते आणि एकदाही न घसरलेल्या रुग्णावरचा एकूण खर्च १८६० रुपये. तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च वेगळा. रक्कम एवढी लहान असल्यास तिचा प्रभावही कमी पडेल, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा ती दुप्पट धरली तरी ३७२० रुपये. ज्या धर्मग्रामात विन्सेंट दि पॉल सभा गरजू कुटुंबांना दरमहा धान्य देते, तेथे तेच धान्य एखाद्या कुटुंबाच्या संमतीने, जवळच्या उपचार केंद्राशी बोलून, कर्त्या पुरुषाच्या हजेरीशी जोडता येईल काय, हा प्रश्न सभेच्या पुढील बैठकीत निघू शकतो. अट एकच: घसरलेल्याचे ठरलेले धान्य बंद करायचे नाही. मुलांचे जेवण बापाच्या तपासणीवर टांगून ठेवणे आम्हांस मान्य नाही. जोडायचे ते वरचे, अधिकचे.

उपचारासाठी पुढे आल्यास पोलीस पकडतील या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनग्रस्त व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली आणि तिने तो पूर्ण केला, तर तिला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीविषयीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे.